नाकापेक्षा मोती जड, कानापेक्षा मशीन

*ताई, नमस्कार. माझं वय ६१. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, त्यातही बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज जास्त अवघड जातात. तपासणीत 'नसेचा बहिरेपणा, मध्यम' असं निघालं. मशीन कुणाला दिसू नये अशी माझी इच्छा होती, म्हणून कानात पूर्ण लपणारं मागितलं. साचा घेतला आणि काही दिवसांनी निरोप आला, 'तुमच्या कानात मावत नाही.' मग कानामागे अडकवायचं, बारीक वायरीच्या टोकाला रबरी टोपी असलेलं मशीन दिलं. ती टोपी दर अर्ध्या तासाने बाहेर सरकते. घट्ट बसावी म्हणून मोठी टोपी घालून दिली, तर संध्याकाळपर्यंत कान ठणकतो, घालताना खोकला येतो आणि स्वतःचा आवाज रिकाम्या हंड्यात बोलल्यासारखा घुमतो. उजवीकडची एक टोपी मध्यंतरी कुठेतरी पडली, सापडलीच नाही. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: 'तुमच्या कानाची भोकंच फार बारीक आहेत, सवय होईल.' आता चार महिने झाले, मशीन डबीत पडून आहे. माझ्या कानांना मशीन बसणारच नाही का? ऑपरेशन करून भोक मोठं करून घेऊ का? आणि परत त्याच ठिकाणी जाऊ की दुसरीकडे?*

*एक वाचक*

पुढचं सगळं नंतर बोलू. आधी ती हरवलेली टोपी.

त्या रबरी टोपीला आम्ही ऑडिओलॉजिस्ट 'डोम' म्हणतो. मशीन काढताना डोम टोकावरून निसटतो आणि कानातच राहतो, हे मी बारीक कानांत बरेचदा पाहिलंय. आरशात तो दिसत नाही आणि मऊ असल्यामुळे लगेच दुखतही नाही. काही दिवसांनी खाज सुटते, कान ओलसर वाटतो, वास येतो, मग ठणका लागतो. तुमचा ठणका उजवीकडेच जास्त आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असो वा नसो, या आठवड्यातच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि 'आत डोम अडकलाय का, बघा' एवढं स्पष्ट सांगा. योग्य उजेड आणि योग्य चिमटा असेल तर तो काढणं त्यांना अवघड नसतं. घरातल्या कुणाला मात्र पिन, भुवयांचा चिमटा किंवा इअरबड घेऊन प्रयोग करू देऊ नका. कानाची नळी मध्ये एके ठिकाणी सगळ्यात अरुंद असते. डोम त्याच्या पलीकडे ढकलला गेला, की सोपं काम किचकट होऊन बसतं.

कदाचित तो पलंगाखाली पडला असेल आणि कान रिकामाच निघेल. तरी फेरी फुकट जात नाही. पुढे काहीही करायचं तर आधी मळ काढलेला आणि त्वचा बरी असलेला कान हवाच. आणि यापुढे मशीन काढलं की टोकाला बोट लावून डोम जागेवर आहे ना, ते चाचपायची सवय ठेवा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. बसणारच नाही का?

बसेल. हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये. बहिरेपणा घेऊन जन्मलेल्या बाळाला सहा महिन्यांच्या आत मशीन लागावं, असं या क्षेत्रात मानलं जातं आणि तशी लागतातही. त्या बाळाच्या कानाची नळी तुमच्या नळीपेक्षा कितीतरी लहान असते. ते बाळ काय वापरतं? कानामागे बसणारं मशीन आणि त्याच्याच कानाचा साचा घेऊन बनवलेला मऊ मोल्ड. बाळ वाढलं की मोल्ड लहान पडतो, मग नवा बनवायचा, पहिल्या वर्षात तर दर काही आठवड्यांनी. त्यामुळे 'भोकं बारीक आहेत म्हणून होत नाही' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. ते खरं तर असं हवं: 'भोकं बारीक आहेत म्हणून *हे* मशीन होत नाही.'

गोंधळ इथेच होतो. कान लहान, तर मशीन लहानातलं लहान घ्यावं, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलटं असतं. जे मशीन बाहेरून सगळ्यात कमी दिसतं, त्यालाच सगळ्यात मोठी नळी लागते, कारण त्याला सगळा संसार आत मांडायचा असतो. माइक, आवाज मोठा करणारी चिप, आवाज कानात सोडणारा छोटा स्पीकर (त्याला आम्ही रिसीव्हर म्हणतो), वर कवच, आणि हे सगळं चालवणारी बॅटरी. या मशीनमध्ये वापरतात ती पिवळ्या पट्टीची दहा नंबरची बॅटरी नेहमीच्या मापांत सगळ्यात लहान, तरी तिचा व्यास ५.८ मिलिमीटर. मोठ्या माणसाची कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब आणि सात मिलिमीटरच्या आसपास रुंद, तीही सरळ नाही, दोन वळणं घेत जाणारी. तुमची त्याहून अरुंद. तेव्हा कारखान्याने 'मावत नाही' कळवलं त्यात नवल नाही आणि तुमचा दोषही नाही. खरं तर साचा घेणाऱ्याने नुसतं कानात बघूनच तुम्हाला हे सांगायला हवं होतं.

हे मी दुसऱ्यावर बोट ठेवून बोलतेय असं नको. माझ्या कामाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी एक गृहस्थ असाच हट्ट धरून बसले आणि मला नाही म्हणता आलं नाही. तीन वेळा साचा घेतला. तिसऱ्या वेळी मशीन कानात गेलं खरं, पण त्यात हवेसाठी वाट ठेवायला जागाच उरली नव्हती. घातल्याक्षणी ते म्हणाले, 'मी विहिरीत उतरलोय का?' महिनाभराने मशीन परत आलं. तेव्हापासून लपणाऱ्या मशीनची मागणी आली की मी आधी दिव्याने कान बघते आणि मगच तोंड उघडते.

तुमच्या कानात नेमकं काय चाललंय, ते सांगते. म्हणजे पुढच्या वेळी खुर्चीत बसाल तेव्हा काय मागायचं ते कळेल. नळीचा बाहेरचा तिसरा हिस्सा मऊ असतो. आत कूर्चा, त्यावर जरा जाडसर त्वचा. मळ इथेच तयार होतो. आतला उरलेला भाग हाडाचा. त्यावरची त्वचा कागदासारखी पातळ आणि खाली थेट हाड, त्यामुळे तिथे कडक काही टेकलं की डोळ्यांत पाणी येतं. खोकल्याचं म्हणाल, तर नळीच्या त्वचेपर्यंत व्हेगस नावाच्या नसेची एक बारीक फांदी पोचलेली असते. घशाकडेही तीच नस जाते. काही जणांमध्ये कानात तिला धक्का लागला की मेंदूला वाटतं घशात काहीतरी अडकलंय. त्यात बिघाड काही नाही, पण मशीन त्या जागी नको तितकं दाबतंय हा निरोप त्यातून नक्की मिळतो.

सरकण्याचं कारण जबड्यातही आहे. कानापुढे बोट ठेवून तोंड उघड-बंद करून पाहा, खालच्या जबड्याचं डोकं हलताना लागेल. ते हललं की नळीचा मऊ भाग आकार बदलतो. दिवसभर बोलताना, चावताना, जांभई देताना ती भिंत आतल्या वस्तूला थोडं थोडं बाहेर ढकलत असते.

मग डोम सरकतो म्हणून मोठा डोम घालायचा, हे ऐकायला सरळ वाटतं. पण बारीक नळीत ते उलटतं. डोम छत्रीसारखा असतो. त्याच्या मापाची जागा मिळाली तर तो उघडून भिंतीला अलगद टेकतो. जागा कमी पडली तर घड्या पडून चुरगळतो आणि चुरगळलेलं रबर पूर्ववत व्हायला बघतं, म्हणजे बाहेरच येतं. मोठा डोम घट्ट वाटतो तो फक्त पहिली दहा मिनिटं. शिवाय डोमला हवा खेळायला जी छिद्रं असतात, ती घडीत मिटून जातात. पाकिटावर 'ओपन' लिहिलेलं असलं तरी तुमच्या कानात तो बूचच होतो. तुमचा हंड्यातला आवाज तिथून आला. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हाडांवाटेही नळीत उतरतो, आणि एरवी त्यातला जाड, घुमणारा भाग कानाच्या तोंडातून बाहेर निघून जातो. कानाचं तोंड बंद केलं की तो आतच कोंडतो. कानात बोट घालून एखादा शब्द बोलून पाहा, तोच प्रकार.

डोम चार-पाच मिलिमीटरपासूनही मिळतात. तुम्हाला कुठलं माप दिलंय ते विचारा. दुसरी गोष्ट वायरीची लांबी. ती वेगवेगळ्या नंबरांत येते आणि दोन्ही कानांना एकच नंबर लागेल असं नाही. आखूड पडली तर डोमला सतत बाहेर ओढते, लांब झाली तर कानापुढे कमान करून उभी राहते. घरी आरशासमोर उभं राहून बघता येईल: वायर कानाच्या वरून येऊन त्वचेला लगटून आत गेली पाहिजे. मध्ये बोट सरकेल एवढी फट असेल तर लांबी चुकली. माप आणि लांबी बदलून भागलं तर उत्तमच. पण तुमचं वर्णन वाचून मला वाटतं, तुमच्या कानांना तयार डोम सोडून देणंच बरं.

मी तुमच्या जागी असते तर कानामागचं मशीन घेतलं असतं, पण रिसीव्हर कानात जाणारं घेतलं नसतं. फरक बारीक आहे आणि दुकानात तो फारसा कुणी समजावत नाही. तुमच्याकडे आहे त्यात वायरीच्या टोकाला रिसीव्हर बसवलेला असतो. तो छोटा दिसला तरी टणक पेटीच असते आणि बहिरेपणा जितका जास्त, तितकी ती जाड लागते. बारीक नळीच्या वळणावर तिचा कोपरा टोचतो. दुसऱ्या प्रकारात रिसीव्हर कानामागे मशीनमध्येच राहतो आणि आवाज एका केसभर जाड भासणाऱ्या पोकळ नळीतून आत जातो. कानात जायला उरते फक्त ती नळी आणि तिच्या टोकाला तुमच्या साच्यावर बनवलेलं छोटं टोक. मध्यम बहिरेपणाला एवढं पुरतं. तोटा असा की त्या नळीत ओलावा आणि मळ साचतो, म्हणून आठवड्यातून एकदा सोबत मिळणारी तार आतून फिरवावी लागते, आणि काही महिन्यांनी नळी कडक झाली की बदलावी लागते. हा व्याप मला ठणक्यापेक्षा कधीही परवडेल.

आत्ताचं मशीन बदलून मिळण्यासारखं नसेल तर त्याच रिसीव्हरवर साच्याचं टोक बनवून घेता येतं. फक्त तुमच्या मशीनला तुमच्या बहिरेपणासाठी पुरेल असा सगळ्यात बारीक रिसीव्हर लावलाय ना, हे आधी विचारा. गरज नसताना दांडगा लावलेला मी पाहिलाय.

टोक कशाचं? मऊ सिलिकॉन ऐकायला आरामाचं वाटतं, पण त्वचेला चिकटतं, बारीक वळणात सरकत नाही, ढकलावं लागतं, आणि भिंत फार पातळ ठेवता येत नाही. कडक अॅक्रिलिक पातळ बनवता येतं, घासून गुळगुळीत करता येतं, टोचलं तर तेवढीच जागा तिथल्या तिथे खरवडून देता येते. म्हणून लहान कानाला मी आधी अॅक्रिलिक सुचवते. याबाबत दुसरं मत असणारे लोक आहेत आणि अगदी वळणदार नळीत तेही बरोबर ठरतात. व्हेंट, म्हणजे हवेची वाट, मात्र मागून घ्या. बारीक टोकातून आरपार भोक पाडायला जागा नसते, तेव्हा टोकाच्या बाहेरच्या अंगाने पन्हाळीसारखी खाच ठेवतात. 'खाचेचा व्हेंट जमेल का?' एवढं विचारलंत तरी समोरचा सावरून बसेल. शिवाय टोकाला कानाच्या बाहेरच्या वाटीत, म्हणजे भोकाभोवतीच्या खोलगट भागात, अडकणारा एक छोटा हात ठेवायला सांगा. जबडा हलला तरी त्याने टोक जागेवर राहतं.

हे सगळं ज्यावर उभं आहे तो साचा. लपणाऱ्या मशीनच्या वेळचा तुमचा साचा मी पाहिलेला नाही, पण बारीक कानांत साचा आखूड घेतला जाणं ही नेहमीची चूक. आत आधी दोरा बांधलेला कापसाचा किंवा स्पंजचा बोळा ठेवतात, पडद्याला काही लागू नये म्हणून. मग दोन रंगांची लगदी एकत्र कालवून पिचकारीने भरतात. ती गार लागते, कान एकदम मुका होतो, स्वतःचा श्वास मोठा ऐकू येतो. काही मिनिटांत ती घट्ट होते. बोळा नळीच्या मापाने कापला नाही तर तो पहिल्या वळणापाशीच अडतो आणि साचा तिथेच संपतो. अशा साच्यावर बनलेलं टोक आखूडच होणार, आणि आखूड टोक बाहेर येणारच.

साचा बाहेर निघाला की हातात मागून घ्या. बाहेरच्या वाटीचा भाग चपटा पसरलेला असेल आणि त्यातून एक शेपूट निघालेलं असेल. त्या शेपटावर दोन वाकणं दिसली पाहिजेत, पृष्ठभाग सलग हवा, बुडबुडे किंवा सुरकुत्या नकोत. शेपूट बुटकं, एकाच वाकणावर थांबलेलं असेल तर तिथेच म्हणा, 'हा पुन्हा घ्या.' आणि साचा घेताना तोंड मिटून गप्प बसवलं असेल तर दुसऱ्यांदा उघडं तोंड ठेवून किंवा जबडा हलवत घ्यायला सांगा. बोलताना नळी कशी होते, ते त्यात उतरतं. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पडद्याला भोक असेल किंवा कानाचं ऑपरेशन झालेलं असेल तर पिचकारी हातात घेण्याआधीच सांगा. तसा कान आधी डॉक्टरांनी पाहिलेला हवा.

आता एक गोष्ट तुमच्या फायद्याची. नळी लहान असली की टोकाच्या पुढे पडद्यापर्यंत उरणारी हवाही कमी असते, आणि कमी हवेत तोच आवाज जास्त दाब निर्माण करतो. जागा निम्मी झाली तर आवाज साधारण ६ डेसिबलने चढतो. म्हणजे तुमच्या कानाला मशीनने कमी कष्टात जास्त ऐकवता येतं. पण हाच फायदा सेटिंग करणाऱ्याने लक्षात घेतला नाही तर त्रास होतो, कारण संगणक सुरुवातीला सरासरी कान धरून आकडे भरतो. तुमच्या कानात तेच आकडे कर्कश्श होतात. भांडी, दारं, कागदाची चुरचुर अंगावर येते आणि माणूस मशीन काढून ठेवतो. तुम्ही ठणक्याबद्दल लिहिलंत, आवाजाच्या त्रासाबद्दल नाही, पण इतका कमी वेळ घातलेल्या मशीनबद्दल खात्रीने काय सांगता येणार!

याला उपाय आहे आणि तो अंदाजाचा नाही. जेमतेम एक मिलिमीटर जाडीची मऊ नळी पडद्याजवळ सरकवतात, शेजारून मशीन घालतात आणि तुमच्या कानात खरोखर किती आवाज पोचतोय ते संगणकाच्या पडद्यावरच्या आलेखात बघत मशीन जुळवतात. याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. दुखत नाही, थोडी गुदगुली होते. बारीक कानात टोकाशेजारून ती नळी घालणं जरा कौशल्याचं आहे, पण होतं. 'ऐकू येतंय ना? बरं वाटतंय ना?' एवढंच विचारून मशीन लावून देणं कुठल्याही कानाला चालू नये, तुमच्या कानाला तर अजिबात नाही.

तपासणीच्या आलेखाचंही एकदा बघून घ्या. मोठे हेडफोन दाबून बसवले की काही जणांच्या नळीचा मऊ भाग दाबून मिटतो. वय वाढलं, नळी अरुंद असली की हे जास्त होतं. मग आलेखात बहिरेपणा आहे त्याहून जास्त दिसतो, विशेषतः वरच्या स्वरांत, आणि मशीनही त्या चुकीच्या आकड्यांवर बसवलं जातं. कानात घालायच्या छोट्या स्पंजी इअरफोनने पुन्हा तपासणी केली की उलगडा होतो. 'नसेचा' म्हणून लिहिलेल्यातला काही भाग हेडफोनचा निघाला, असं क्वचित घडतं.

ऑपरेशन? मशीन लपावं म्हणून नको. नळी मोठी करण्याची शस्त्रक्रिया असते, पण ती नळी जवळजवळ बंद असेल, आत हाडाचे उंचवटे वाढले असतील (थंड पाण्यात वर्षानुवर्षं पोहणाऱ्यांत ते दिसतात), मळ अडकून सारखा जंतुसंसर्ग होत असेल अशांसाठी. त्यात नळी पुन्हा आकसण्याचा धोका असतो आणि जखम भरेपर्यंत मशीन घालता येत नाही ते वेगळंच. डॉक्टरांना डोमसाठी भेटाल तेव्हा एवढं विचारून घ्या, की नळी जन्मापासून बारीक आहे की आत काही वाढलंय. पूर्वी बरं ऐकू येणारा, मोकळा वाटणारा कान अलीकडे अरुंद झाला असेल तर कारण शोधलंच पाहिजे.

कानात काहीच न घालता हाडांवाटे आवाज पोचवणारी मशीनंही आहेत. कवटीच्या हाडात बसवलेल्या स्क्रूवर चालणारं असं पहिलं यंत्र १९७७ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गला बसवलं गेलं. आता पट्ट्यावर किंवा चिकटपट्टीवर बसणारीही मिळतात. नळीच नसलेल्या किंवा सतत वाहणाऱ्या कानांना ती वरदान आहेत. नसेच्या मध्यम बहिरेपणाला मात्र ती पहिली निवड नाही, तुमच्यापुढे सरळ रस्ता असताना तर नाहीच.

'सवय होईल' याबद्दल. सवय आवाजाची होते. पंख्याची घरघर, स्वतःच्या पावलांचा आवाज, हे सगळं पहिल्या काही आठवड्यांत जास्त जाणवतं आणि मग मागे पडतं. दुखण्याची सवय होत नाही, तिथे फोड येतो. म्हणून नवं टोक मिळालं की पहिले दोन-तीन दिवस तास-दोन तास घाला, मग वाढवत न्या. कुठे टोचलं तर घरी काढून ठेवून तपासायला जाऊ नका, कारण तिथे पोचेपर्यंत लाली उतरते आणि 'सगळं ठीक दिसतंय' ऐकून परत यावं लागतं. उलट जायच्या आधी दोन तास मशीन घालूनच ठेवा आणि त्यांच्यासमोर काढा. लाल ठिपका जिथे असेल तिथलंच अॅक्रिलिक खरवडायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. कान वाहतोय किंवा चुरचुरतोय असं असेल तर मात्र मशीन बाजूला आणि आधी डॉक्टर.

घालताना विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कानाची वरची कड धरा, वर आणि मागे ओढा. नळी सरळ होते आणि टोक खोकला न आणता आत जातं. अंघोळीनंतर लगेच नको, ओल्या त्वचेवर ते अडतं. तेल लावून सरकवायची युक्ती कुणी सांगेल, तीही नको, कारण तेल आवाजाच्या भोकात जाऊन बसतं. लागलंच तर पाण्यावर आधारलेल्या जेलचा एक थेंब. आणि बारीक नळीत थोडा मळही वाट बंद करतो, तेव्हा दर तीन-चार महिन्यांनी कान दाखवत जा. मशीन 'बंद पडलं' म्हणून येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं मशीन धडधाकट असतं, तोंडाशी मळाचा कण असतो.

दिसण्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण चार महिन्यांची सगळी गोष्ट तिथूनच सुरू झाली, म्हणून लिहिते. कानामागचं छोटं मशीन केसांच्या रंगाचं घ्या, त्वचेच्या रंगाचं नको. ते केसांतच राहतं, आणि पारदर्शक नळी दोन हातांवरून मला दिसत नाही, माझी नजर रोज तिथेच असूनही. दर अर्ध्या तासाला कानात बोट घालून टोपी आत ढकलणारी बाई मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते.

त्याच ठिकाणी परत जायचं का? एकदा जा. डॉक्टरांनी कान पाहिल्यावर, मशीन आणि जुना आलेख घेऊन जा आणि तीन गोष्टी विचारा: साच्यावरचं टोक बनवून द्याल का, ते नीट बसलं नाही तर किती दिवसांपर्यंत पुन्हा बनवून मिळेल, आणि पडद्याजवळ नळी घालून मोजमाप करता का. मुदतीचं उत्तर कागदावर घ्या. तिसऱ्या प्रश्नावर 'त्याची गरज नसते' असं ऐकू आलं तर वाद घालू नका. आलेखाची प्रत मागून घ्या, ती तुमचीच आहे, आणि तो प्रश्न दुसऱ्या ठिकाणी विचारा.